नाळेवरची बाई

मुहर्रकच्या गोदामात ती भिंतीशी उभी आहे,
उभी म्हणजे पुढे झुकून.
जहाजावरून उतरवली तरी
झुकायची खोड गेलेली नाही.
कमरेपाशी बाई संपते, वेलबुट्टी सुरू होते,
त्याखाली गंजका बोल्ट.

लुलवा मॅडम म्हणाल्या, इंग्रजांच्या आरमारातली आहे,
जहाजाचं नाव कागदात सापडत नाही.
रंग काढ, लाकूड बघ, घाई करू नकोस.
मी इथे खोकी ठोकणारा माणूस.
बापाची पटाशी ट्रंकेतून आणलीय
हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

पहिला थर पांढरा. मग गुलाबी. परत पांढरा.
मग एक पिवळा, हळदीसारखा.
अकरा मोजले.
बाराव्याला रंगच नव्हता, साग होता.
नखाने खरवडला, वास घेतला.
देवगडच्या धक्क्यावर ओंडके उतरवताना
सदऱ्याला लागायचा, तोच.
इतकं खारं पाणी पिऊन
साग स्वतःला विसरलेला नाही.

आमच्याकडे गलबताच्या तोंडाला नाळ म्हणतात.
पोर जन्मल्यावर कापतात तीही नाळ.
मॅडमना हे मोडक्या हिंदीत सांगायला गेलो, तर हसल्या.
घोड्याच्या पायाला ठोकतात, तीच ना?
म्हटलं, तीही.

आमच्या नाळेवर नारळ फुटतो, झेंडूची माळ पडते,
चेहरा मात्र नसतो.

शेजारचा मर्झूक, जुना कलाफ,
होड्या बांधून बांधून बोटं वाकडी झालेला,
चहा घेऊन आला आणि दारातच थांबला.
आत येईना.
म्हणाला, होडीला तोंड देऊ नये,
तोंड दिलं की ती बोलायला लागते.
माझ्या आजीच्या आजीने हिला पाहिलंय.
हिला नाही तर हिच्या बहिणीला.
आधी बाई दिसायची, गाल रंगवलेली, हसरी.
मग धूर.
आवाज सगळ्यात शेवटी.

चहाचा ग्लास उंबऱ्यावर ठेवून गेला.

मी तिच्याकडे पाहिलं.
तोफा हिच्या पाठीमागे होत्या,
आणि मान वळवता येईल अशी
हिला कुणी घडवलीच नव्हती.
तरी हसत होती, हे खरं.
हसवली म्हणून हसत होती, हेही.

मग नाकाशी आलो.
डाव्या नाकपुडीवर लांबीचा ठिपका.
सुईने टोकरला, सुटला.
आत भोक. बारीक, गोल, आरपार,
सामत्याने पाडलेलं.
किडीला डावं-उजवं कळत नाही.

मुंबईच्या गोदीत कुणी मेस्त्री
साहेबाच्या कागदावरची राणी कोरत बसला असेल.
साहेब दुपारी जेवायला गेला असेल
आणि याला बिननथीची बघवली नसेल.
किंवा एवढंही नसेल.
हात घरी जसा चालतो
तसा इथेही चालून गेला असेल.
पुढे रंगाऱ्याने बुजवलं,
तो हसला का चिडला, लाकडात लिहिलेलं नाही.

मॅडमनी भिंग लावलं. कीड?
नाही, म्हटलं. पुढचं हिंदी आठवेना.
माझ्याच नाकाला बोट लावून दाखवलं.
त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग वहीत लिहू लागल्या,
उजवीकडून डावीकडे,
आणि मध्येच त्यांचं बोट
आपल्या नाकाकडे गेलं, परत आलं.

रात्री कुलूप लावायच्या आधी
तांब्याची तार वाकवून तिच्या नाकात घातली.
गाव मोत्यांचं, माझ्याकडे नुसती तार.
दिव्याखाली पाहिलं.
वाडीतल्या कुणासारखी तरी दिसली,
नाव ओठांवर आलं नाही.
काढली, खिशात टाकली.

मर्झूकला उद्या काय सांगायचं?
हिचा बाप आमच्यातला, असं?
मग तो धूरही थोडा आमच्यातलाच होईल.

ग्लास उंबऱ्यावर तसाच आहे,
चहा निवलेला, वर एक मुंगी.
विसळून परत द्यायला हवा.